पाठ टेकली की नाही?

२ फेब्रुवारी २०२५ हा दिवस नगरमध्ये कोणाला आठवत नाही? (शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण वाद घालताना तोंडात अजून नगरच येतं!) वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीचा शेवटचा दिवस. गादी विभागात शिवराज राक्षे विरुद्ध पृथ्वीराज मोहोळ. पंचांनी मोहोळला चितपटीवर विजयी घोषित केलं. राक्षेचं म्हणणं, माझी पाठ टेकलेलीच नाही, रिप्ले बघा. मग पंचाची कॉलर, मग लाथ, मग सगळा गोंधळ. त्यानंतर किताबाच्या कुस्तीत मोहोळसमोर माती विभागातून आलेला महेंद्र गायकवाड. तोही पंचांच्या निर्णयावर चिडून, शेवटचे काही सेकंद उरलेले असताना मैदान सोडून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

कुस्ती संपली, वाद मात्र सुरू झाला. हॉस्टेलच्या मेसमध्ये, चहाच्या टपरीवर, प्रॅक्टिकलच्या वेळी फाईल सबमिट करायच्या रांगेत, जिथे बघावं तिथे एकच प्रश्न... पाठ टेकली की नाही? ज्यांनी आयुष्यात कधी लंगोट बघितला नाही ते स्लो-मोशनचे एक्स्पर्ट झाले. एक जण म्हणणार, “डावा खांदा वर होता.” दुसरा म्हणणार, “तुला डावा-उजवा कळतो का आधी?” तिसरा काहीच न बघता सांगणार, “सगळं आधीच ठरलेलं असतं रे!” चौथा असतो तो इतिहासतज्ज्ञ. त्याच्या आजोबांनी हरिश्चंद्र बिराजदारांची कुस्ती डोळ्यांनी बघितलेली असते, त्यामुळे आजचे सगळेच पैलवान त्याला किरकोळ वाटतात. आणि पाचव्याचा हिशोब एकदम सोपा, “आपल्याकडचा कोण? मग तोच बरोबर.”

आमचे एक सर हा गोंधळ ऐकून म्हणाले, “इतका वाद अभ्यासावर घाला, युनिव्हर्सिटीत याल!” सर, तुमचा मान राखून सांगते, मला हे पटत नाही. माझं मत उलट आहे. खेळावर वाद घातलाच पाहिजे. जो खेळ संपला की लोक गप्प घरी जातात तो खेळ हळूहळू मरतो. माझी तक्रार वेगळीच आहे. आपण वाद घालतो, पण दहा सेकंदांच्या क्लिपवर. त्या क्लिपच्या आधी काय होतं आणि नंतर काय झालं, यावर कोणी तोंडच उघडत नाही.

आता लगेच प्रश्न येईल, “तुला काय कळतं कुस्तीतलं?” मेसमध्ये मला हा प्रश्न पाच-सहा वेळा तरी विचारून झालाय. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे पीटीच्या तासाला बास्केटबॉल आणि थ्रोबॉल, बस्स. हगामा म्हणजे काय हे मला कॉलेजला आल्यावर, मैत्रिणीच्या गावच्या जत्रेत कळलं. पण हाच प्रश्न मी उलटा विचारते. वाद घालणाऱ्या किती जणांना चितपटीचा नियम माहीत आहे? मला घरातून काही ऐकायला मिळालं नव्हतं, म्हणून मी वाचून काढला. दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला लागले पाहिजेत, आणि पंचाला पूर्ण ताबा दिसेल इतका वेळ ते तिथे दाबून धरलेले असले पाहिजेत. निर्णयही एकट्याचा नसतो. गादीवर शिट्टीवाला पंच, बाजूला दुसरा पंच आणि टेबलावर मॅट चेअरमन, असे तिघे असतात. म्हणजे “पाठ टेकली का” या एका प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. दोन्ही खांदे लागले का? एकाच वेळी लागले का? आणि ताबा होता का?

आता प्रेक्षकांतून काढलेल्या मोबाईलच्या व्हिडिओत हे दिसतं का? आपण इंजिनिअरिंगवाले. फर्स्ट इयरच्या फिजिक्स प्रॅक्टिकलमध्ये पॅरॅलॅक्स एरर शिकलोय ना? स्केलकडे तिरकं बघितलं की रीडिंग चुकतं. स्टँडच्या वरच्या रांगेतून, पन्नास फुटांवरून, समोरच्याच्या फेट्याआडून काढलेल्या व्हिडिओवर छातीठोक निकाल देणं म्हणजे व्हर्नियर कॅलिपर गेटबाहेरून वाचण्यासारखं आहे. मी स्वतः तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेल, पण माझं रीडिंग मी सांगणार नाही, कारण त्या अँगलला किंमत नाही. किंमत आहे ती गादीला लागून ठेवलेल्या कॅमेऱ्याला, आणि तो कॅमेरा सगळ्यांना दाखवण्याला.

म्हणून माझं पहिलं म्हणणं. पंचाला लाथ मारणं चूकच, त्यात ‘पण’ नाही. आणि हजारो लोक बसलेले असताना शंकास्पद वाटणारा निर्णय मोठ्या पडद्यावर पुन्हा न दाखवणं हेही चूक. क्रिकेटमध्ये थर्ड अंपायर काय बघतोय ते आख्ख्या स्टेडियमला दिसतं, म्हणून हरणारेही गप्प बसतात. आपल्या मेसमध्ये मात्र अशी वाटणी झाली की लाथेचा निषेध करणारा मोहोळचा माणूस आणि रिप्ले मागणारा राक्षेचा माणूस. दोन्ही मागण्या एकाच माणसाच्या का असू शकत नाहीत?

हे काही नगरमध्येच पहिल्यांदा झालं असंही नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या स्पर्धेत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत बाहेरच्या टांगेच्या डावाला दिलेल्या गुणांवरून असाच वणवा पेटला होता. पंचाला फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. त्या वेळी सोशल मीडियावर अन्याय, अन्याय म्हणून ओरडणारे आपणच. पुढच्या स्पर्धेत रिप्लेची काय सोय केली, हे कोणी विचारलं? नाही. आपण पुढची क्लिप यायची वाट बघत बसलो. मग ती आपल्याच गावात आली.

नियम माहीत असलेला माणूस योग्य जागी हजर असणं किती महत्त्वाचं असतं, त्याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची लांबलेली कुस्ती झाली, आणि लगेच त्यांना सोव्हिएत रशियाच्या रशीद मम्मदबेयोव्हसमोर उभं राहायला सांगितलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी, असा नियम होता. पण तो सांगायला आणि त्यासाठी भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे नव्हता! थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले आणि कांस्यपदकावर थांबले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. म्हणजे जिथे वाद घालायलाच हवा होता, तिथे वाद घालणारा माणूस नव्हता. आणि आपल्याकडे आज प्रत्येक टेबलावर तीन-तीन आहेत, फक्त नियम कोणाला माहीत नाही.

खाशाबांची गोष्ट आपल्यासारख्या कॉलेजवाल्यांनी अजून एका कारणासाठी वाचावी. ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. शरीरयष्टी किरकोळ दिसते म्हणून त्यांना कॉलेजच्या स्पर्धेत घ्यायलाच क्रीडाशिक्षक तयार नव्हते, प्राचार्यांनी मध्ये पडून परवानगी दिली, असं सांगतात. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा त्याच प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका कॉलेजचा एक खेळाडू आणि त्याच्यासाठी घर गहाण टाकणारे प्राचार्य!

आता त्याच हेलसिंकीतली दुसरी गोष्ट ऐका. बास्केटबॉलचं सुवर्णपदक अमेरिकेने जिंकलं, आणि त्या संघात एकट्या कॅन्सस युनिव्हर्सिटीचे सात खेळाडू होते. त्या वर्षीची तिथली कॉलेज चॅम्पियनशिपही कॅन्ससनेच जिंकली होती. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलवर लोक आपल्याइतकेच, कदाचित आपल्याहून जास्त भांडतात. कुठला कोच भारी, कुठल्या वर्षाची टीम भारी, कोणाला उगाच बसवून ठेवलं... अगदी आपल्या मेससारखंच. पण एक फरक आहे. बास्केटबॉल हा खेळ ज्यांनी १८९१ मध्ये शोधून काढला ते जेम्स नेस्मिथ हेच कॅन्ससचे पहिले कोच. त्यांचा रेकॉर्ड काय असेल? ५५ विजय आणि ६० पराभव! त्या युनिव्हर्सिटीच्या इतिहासात जिंकल्यापेक्षा जास्त हरलेला कोच एकच, आणि तो म्हणजे खेळाचा जनक. हे आज मला नगर जिल्ह्यात बसून का माहीत आहे? कारण १८९८ पासून कोणीतरी प्रत्येक मॅचचा स्कोअर लिहून ठेवला. जनक आहेत म्हणून आकडे लपवले नाहीत. तिथला माणूस भांडायला बसतो तेव्हा त्याच्या हातात वही असते. आपल्या हातात असतो मोबाईल, आणि त्यात एक क्लिप.

आपली वही कशी आहे बघा. महाराष्ट्र केसरी १९६१ मध्ये सुरू झाली. पहिला मान दिनकर दह्यारींचा. नरसिंग यादवने २०११, २०१२, २०१३ अशी ओळीने तीन वर्षं गदा मिळवली, पाठोपाठ विजय चौधरीने २०१४ ते २०१६ तीच हॅटट्रिक केली. इथपर्यंत यादी सरळ आहे, पोरं पाठ म्हणून दाखवतात. मग संघटनांमधलं भांडण आलं आणि यादीला फाटे फुटले. एकट्या २०२३ सालात तीन महाराष्ट्र केसरी झाले. जानेवारीत पुण्यात शिवराज राक्षे. नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदर शेख. त्याच नोव्हेंबरमध्ये धाराशिवला पुन्हा राक्षे. आणि २०२५ मध्ये तर आपल्या एकाच जिल्ह्याने दोन महिन्यांत दोन महाराष्ट्र केसरी बघितले. फेब्रुवारीत वाडिया पार्कवर पृथ्वीराज मोहोळ, मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके. दोघंही कष्टाने जिंकले, दोघांच्याही खांद्यावर गदा. आता वीस वर्षांनी एखाद्या पोराने विचारलं, “२०२५ चा महाराष्ट्र केसरी कोण?” तर काय सांगायचं? “कुठल्या संघटनेचा?”

मला विचाराल तर “पाठ टेकली का” यापेक्षा हा प्रश्न दहा पट मोठा आहे. एक पंच एका कुस्तीत चुकू शकतो, तो माणूस आहे. पण एका किताबाचे दोन-तीन किताब झाले की त्या मातीत वर्षानुवर्षं जोर-बैठका मारणाऱ्या प्रत्येक पोराचं नुकसान होतं. ज्या गदेसाठी त्याने घर सोडलं, खुराकासाठी बापाने उसनवारी केली, ती गदा नक्की कुठली? चंद्रहार पाटलांनी नगरच्या प्रकरणानंतर आपल्या दोन्ही गदा परत करायची घोषणा केली, तेव्हा मेसमध्ये पोरं हसली. “नाटक आहे,” म्हणाली. असेल किंवा नसेल. पण दोन वेळा गदा जिंकलेल्या माणसाला ती परत द्यावीशी वाटते, यावर निदान एक संध्याकाळ तरी बोलायला हवं होतं.

अजून एक गोष्ट आपल्या वादात कधी येत नाही, ती म्हणजे वस्ताद. ‘आपल्याकडचा कोण’ हा हिशोब आठवतोय ना? आता हर्षवर्धन सदगीरचं काय करायचं सांगा. गाव अकोले तालुक्यात, म्हणजे आपल्या जिल्ह्यातला. खेळला नाशिककडून. घडला भगूरच्या आणि मग पुण्यात काका पवारांच्या तालमीत. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला तो महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हा समोर होता लातूरचा शैलेश शेळके. तोही काका पवारांचाच पठ्ठा! जिंकल्यावर हर्षवर्धनने शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं, तो फोटो सगळ्या पेपरात आला होता. एकाच तालमीत, एकाच वस्तादाच्या हाताखाली, एकमेकांच्या अंगाला माती लावून वाढलेली दोन पोरं. सांगा, तो विजय नगरचा, नाशिकचा, लातूरचा का पुण्याचा? मला वाटतं, तो पहिल्यांदा वस्तादाचा. पण आपण कधी भांडतो का, की कुठला वस्ताद पोरांना गादीचे नियम नीट शिकवतो? माती आणि गादी यांतला फरक कोण समजावतो? पट्ठा हरल्यावर त्याने पंचाशी कसं बोलायचं, हे कुठल्या तालमीत शिकवलं जातं? मातीत कुस्ती निकाली व्हायची, त्यामुळे गुणांचा हिशोब ठेवायची सवयच आपल्याला नाही. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन राउंड आणि एकेका गुणावर निकाल. तिथे वस्तादाचं डोकं पैलवानाच्या मांडीइतकंच लागतं.

आणि आता शेवटचा मुद्दा. हा मांडला की मेसमध्ये एकदम शांतता पसरते. २०२५ च्या जानेवारीत, वाडिया पार्कच्या स्पर्धेच्या काही दिवस आधी, वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला अजून एक गदा जिंकली गेली. महिला महाराष्ट्र केसरी. जिंकणारी कुठली? आपल्या श्रीगोंदा तालुक्याची, भाग्यश्री फंड! म्हणजे ज्यांना ‘आपल्याकडचा’ हवा होता त्यांना ‘आपल्याकडची’ आधीच मिळालेली होती. राक्षेचा खांदा किती अंश वर होता हे सांगणाऱ्या आमच्या टेबलावरच्या आठ जणांपैकी किती जणांना हे नाव माहीत होतं? एकालाही नाही. मुलींचा हा किताब सुरू झाला २०२३ मध्ये सांगलीत आणि पहिली मानकरी सांगलीचीच प्रतीक्षा बागडी, हे तर लांबच राहिलं.

एक जण म्हणाला, “तिथे काही वाद झाला नाही ना, म्हणून कळलं नाही.” तो सहज बोलून गेला, पण मला ते लागलं. म्हणजे आपल्याकडे लक्षात राहायचं असेल तर जिंकून उपयोग नाही, भांडण व्हायला हवं! मग पैलवानांनी तरी यातून काय शिकायचं?

काही जण म्हणतील, एवढं वाचून, नोंदी ठेवून कोण वाद घालणार? वादाची मजाच जाईल. मला नाही तसं वाटत. उलट ज्याला आकडे माहीत आहेत त्याच्याशी भांडायला जास्त मजा येते. “नेस्मिथ भारी कोच होता” म्हणणाऱ्याला “५५-६०!” असं तोंडावर सांगता येणं यासारखं सुख नाही.

तेव्हा मोठ्या संघटनांनी काय करावं ते आपण सांगून होणार नाही, पण मागणं आपल्या हातात आहे. निर्णयाचा रिप्ले सगळ्यांना दिसू दे, आणि एका वर्षाची गदा एकच असू दे. या दोन मागण्यांवर कोल्हापूरवाला, पुणेवाला, सोलापूरवाला आणि नगरवाला चौघांचंही एकमत व्हायला हरकत नसावी.

आणि एक काम आपण स्वतः करू शकतो, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. या लेखासाठी मी आपल्याच कॉलेजच्या टीम शोधायला गेले. आपली बास्केटबॉल टीम युनिव्हर्सिटीच्या झोनल मॅचेसमध्ये कुठल्या वर्षी कुठपर्यंत गेली? कॅप्टन कोण होता? शिकवलं कोणी? मुलींची टीम कधी सुरू झाली? कपाटात ढाली आहेत, त्यांवर धूळ आहे आणि काहींवरचं वर्षसुद्धा पुसलं गेलंय. सीनियर सांगतात, “आमच्या वेळची टीम एक नंबर होती.” प्रत्येक बॅच हेच सांगते आणि आपल्याला मान्य करावं लागतं, कारण वहीच नाही.

म्हणून माझी सूचना अशी. या वर्षीपासून जिमखान्यात एक जाड रजिस्टर ठेवायचं. प्रत्येक मॅच, तारीख, स्कोअर, खेळणाऱ्यांची नावं, शिकवणाऱ्यांचं नाव. मुलांचं आणि मुलींचं एकाच रजिस्टरमध्ये, पुढे-मागे नाही. हरलेल्या मॅचेस आधी लिहायच्या, त्या कोणी मुद्दाम सांगत नाही म्हणून. आणि दर वर्षी या मासिकात त्याचं एक पान छापायचं. रजिस्टरचे पैसे मी देते. पहिल्या पानावर काय लिहायचं यावर वाद घालायला मात्र सगळ्यांनी या!

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल